पेन्सिलने लिहिलेली तारीख

प्रिय ताई,
मी ३१ वर्षांचा. पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी, काम मात्र साताऱ्यातल्या घरूनच. गेले चौदा महिने रात्री जागून एकट्याने मंगल कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर बनवतोय. तारखांचं बुकिंग, हिशेब, भांड्यांचा साठा, पाहुण्यांची यादी, आधारकार्ड अपलोड, व्हॉट्सॲपवर पावती, सगळं आहे. चार कार्यालयांत दाखवलं. चौघंही ‘छान आहे’ म्हणाले, घेतलं एकानेही नाही. एकाने फुकट मागितलं. मित्र म्हणतो, नोकरीत पाय अडकवून धंदा होत नाही, एकट्याने वेबसाइट काढून विकणारा मार्कस फ्रिंड बघ. दुसरा म्हणतो, को-फाउंडर शोध, फंडिंग बघ. शिल्लक पाच लाख आहे, घरखर्च महिना पंचेचाळीस हजार, मुलगी दोन वर्षांची, बायको शिक्षिका पण सध्या बिनपगारी रजेवर. ती एकदाच म्हणाली, “पण हे कुणी मागितलंय का?” दिवाळीला नोकरी सोडू का? आणि लॉन्च कसं करू? स्क्रीनचे फोटो जोडलेत.
– एकटा डेव्हलपर, सातारा

प्रिय एकटे डेव्हलपर,

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत आणि बायकोचा एक सांगितलाय. मी तिच्या प्रश्नापासून सुरू करणार आहे, पण नोकरीचं आधी उरकून टाकू: सोडू नका. दिवाळीला तर नाहीच. कारण पुढे येईल.

मी स्वतः नऊ वर्षं क्लासवाल्यांसाठी फीचं सॉफ्टवेअर एकटीने चालवलं. त्यामुळे रात्री दीड वाजता, घर झोपलेलं असताना, ‘अजून एक रिपोर्ट टाकूया’ असं वाटतं त्यातली गोडी मला माहीत आहे. रिपोर्ट नाही म्हणत नाही. क्लासवाला म्हणतो. म्हणून आपण रिपोर्टजवळ बसतो. तुमच्या चौदा महिन्यांतले बरेचसे असेच गेले असणार, हे भांड्यांच्या साठ्याचा फोटो बघून कळलं. कढई, पातेली, झारे, वाढपाच्या बादल्या, प्रत्येकाला चित्र. फार देखणं काम आहे. कुणी मागितलं होतं?

आता मी काय पाहिलं ते सांगते. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी कार्यालयं बघत आम्ही कराडच्या बाजूला फिरत होतो. एका ठिकाणी मालक टेबलामागे बसलेले, समोर लाल पुठ्ठ्याची लांब वही, एका तारखेला एक पान. वहीच्या दोऱ्यालाच एक पेन्सिल आणि खोडरबर बांधलेलं. आमची तारीख मोकळी होती. भावजी म्हणाले, “घरी विचारून रविवारी सांगतो.” मालकांनी पेन्सिलने आमचं आडनाव लिहिलं, गाव लिहिलं, खाली ‘रवि.’ असं लिहिलं. तेवढ्यात फोन वाजला. त्याच तारखेसाठी दुसरे कुणीतरी. मालक म्हणाले, “आहे एक जण, पण पेन्सिलचे आहेत. नंबर देऊन ठेवा.” आणि आमच्या खाली दुसरं आडनाव, तेही पेन्सिलने. वर आम्हाला हसत सांगितलं, “बघा, रांग लागली.” इसार दिल्यावरच निळं पेन आलं आणि खालचं आडनाव खोडलं गेलं.

तुमच्या स्क्रीनवर हिरवा चौकोन म्हणजे मोकळी तारीख, लाल म्हणजे बुक. मध्ये काहीच नाही. पेन्सिल कुठे आहे?

त्या मालकांचा सगळा धंदा त्या पेन्सिलीत आहे. कुणाला रविवारपर्यंत थांबवायचं, कुणाला आजच इसार द्यायला लावायचा, दुसऱ्या नंबरवाल्याला हातचं जाऊ न देता किती दिवस ताटकळत ठेवायचं. आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी फोनवरचं गिऱ्हाईक वापरून आमची घाई वाढवली. तुमचं सॉफ्टवेअर घेतलं असतं तर त्यांना लाल किंवा हिरवं यातलं एक निवडायला लागलं असतं, म्हणजे आहे ते कसब सोडून द्यायला लागलं असतं. मग ते काय म्हणणार? “छान आहे.” आपल्याकडे ‘छान आहे’ हे चहा पाजून पाठवणीचं वाक्य आहे. विकत घेणारा माणूस कधीच छान म्हणत नाही. तो खोड्या काढतो. “यात सकाळचं लग्न आणि गोरज मुहूर्ताचं दुसरं, असं एका दिवसात बसतं का?” “आदल्या रात्री हळदीला चाव्या द्यायच्या, पण त्याच संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये साठीशांत आहे, ते कसं दाखवणार?” “लाइटचं मीटर लग्नाआधी आणि नंतर टिपतो, ते कुठे लिहू?” असा कुणी भेटला की समजा, हा पैसे देईल.

म्हणून पहिलं काम. आत्ता आषाढी एकादशी होऊन गेली आहे. आता पंचांगात चातुर्मासातलेही काढीव मुहूर्त असतात, पण तरी कार्यालयांत गर्दी नाही. मालक रिकामे आहेत, आणि पुढच्या सराईच्या तारखा विचारायला मात्र माणसं येत असतात. तुम्हाला यापेक्षा चांगला काळ मिळणार नाही. ज्याने फुकट मागितलं ना, त्याच्याकडे जा. बाकीच्या तिघांनी तुम्हाला वाटेला लावलं, याने निदान काहीतरी मागितलं. त्याला म्हणा, “सॉफ्टवेअरचं राहू द्या, मला चार शनिवार-रविवार तुमच्याजवळ बसू द्या, वही बघू द्या.” बसा. फोन कुणाचे येतात, मालक नसताना कोण उचलतं, गावाला गेलेला धाकटा भाऊ फोनवर तारीख देऊन टाकतो आणि वहीत लिहायचं राहतं, हे सगळं तिथे दिसेल. माझा अंदाज असा की तुमचं सॉफ्टवेअर विकलं जाईल ते या शेवटच्या गोष्टीमुळे. वही एकच असते आणि ती टेबलावर असते. दोन भाऊ, एक मेव्हणा, एक मॅनेजर, आणि तारीख देण्याचा अधिकार सगळ्यांना. एकाच मुहूर्तावर दोन लग्नं अडकली की काय होतं हे कुठल्याही मालकाला विचारून बघा. चेहराच बदलतो. ती भीती त्याच्याकडे आधीपासून आहे. तुम्हाला फक्त वही खिशात आणून द्यायची आहे, पेन्सिलीसकट.

भांडी, पाहुण्यांची यादी, हिशेब, सगळं तूर्त झाकून ठेवा. पुसू नका, मन दुखतं ते मला कळतं. बटणं लपवा.

एक गोष्ट मात्र खरंच पुसा: आधारकार्डाचे फोटो. वय बघायला कार्यालयवाले कागद मागतात, ते बरोबरच आहे. मुलगी १८, मुलगा २१ हे न बघता लग्न लागू दिलं तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात तेही अडकू शकतात. पण त्यासाठी शेकडो नवरानवरींची आधारकार्डं तुमच्या महिना दीड हजाराच्या सर्व्हरवर कशाला? उद्या ती फुटली तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यापुढे आणि मुलीच्या बापापुढे उभं राहायला तुम्ही एकटेच आहात. ‘कागद पाहिले’ अशी एक खूण, तारीख आणि बघणाऱ्याचं नाव. बस झालं.

आता मित्रांकडे वळू. मार्कस फ्रिंडचं उदाहरण खरं आहे. त्याने २००३ मध्ये व्हँकुव्हरला ‘प्लेंटी ऑफ फिश’ ही जोडीदार शोधायची साइट एकट्याने सुरू केली आणि २०१५ मध्ये ती ५७ कोटी ५० लाख डॉलरना विकली. पण ती साइट फुकट होती, जाहिरातींवर चालायची, आणि माणसं आपणहून शोधत यायची. तुमचा मालक रात्री गुगलवर ‘कार्यालय व्यवस्थापन सॉफ्टवेअर’ शोधत बसत नाही. त्याला अडचण आहे हेच त्याला दोन लग्नं एकमेकांवर आदळेपर्यंत आठवत नाही. त्याच्याकडे जावं लागतं, उन्हातून, मोटारसायकलवर.

मला विचाराल तर पुण्यातल्या काटकर बंधूंची गोष्ट जास्त जवळची आहे. कैलास काटकरांचं कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस निघायला लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारा धाकटा भाऊ संजय याने त्यावर उतारा म्हणून प्रोग्रॅम लिहिला. त्यातून क्विक हील ही अँटीव्हायरस कंपनी उभी राहिली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात गेली. माझं लक्ष त्या दुकानाकडे जातं. ‘हे कुणी मागितलंय का’ हा प्रश्न तिथे पडलाच नसेल, कारण मागणारे बिघडलेलं मशीन काखेत घेऊन दारात उभे होते. आणि माणसं दोन होती, एक कोड लिहिणारा, एक गिऱ्हाइकाशी बोलणारा. तुम्ही चौदा महिने संजय झालात. कैलास होऊन चार दुकानं फिरलात आणि दमलात.

मग को-फाउंडर शोधावा का? शोधून सापडतो असा माझा अनुभव नाही. भागीदारी कागदावर सोपी दिसते, पण अर्धा वाटा देऊन जो माणूस आणाल तो जर दुसरा डेव्हलपरच निघाला, तर दोघं मिळून भांड्यांची चित्रं आणखी सुंदर कराल. तुम्हाला हवा तो माणूस आधीच दहा कार्यालयांत जातोय. केटरर. किंवा मांडववाला. सराईत तो आज इथे, उद्या तिथे असतो, कुठल्या मालकाचं कुणाशी बिनसलंय हे त्याला ठाऊक असतं, आणि दोन लग्नं आदळली की शिव्या त्यालाही बसतात. अशा एकाला पकडा. वाटा देऊ नका, प्रत्येक गिऱ्हाइकामागे रोख कमिशन द्या. त्याने “आमच्या पोराने केलंय, बघा जरा” म्हटलं की तुमचा कुठलाही लॉन्च त्याच्यापुढे फिका. फंडिंगचा विषय मी सोडूनच देते. तुमच्याकडे आज एकही पैसे देणारं गिऱ्हाईक नाही, फंडवाला काय बघणार?

लॉन्च म्हणजे तुम्हाला एक दिवस, एक घोषणा, एक वेबसाइट असं दिसतंय बहुतेक. तुमचा लॉन्च तुळशीच्या लग्नाला आहे. कार्तिकात सराई उघडते, त्याआधी तीन कार्यालयांत वहीच्या शेजारी तुमचं सॉफ्टवेअर चालू असलं पाहिजे. शेजारी म्हणते आहे. वही बंद करायला सांगाल तर दार बंद होईल. पहिली सराई दोन्ही चालू द्या आणि रोज रात्री मालकाच्या व्हॉट्सॲपवर सगळ्या तारखांची एक पीडीएफ जाऊ द्या. तुमचं काहीही बंद पडलं तरी त्याच्या फोनमध्ये कालपर्यंतची वही राहील. हे संदेश आपोआप पाठवायचे तर व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा, तिच्याकडून संदेशांचे नमुने मंजूर करून घ्यायचे आणि संदेशागणिक पैसे मोजायचे. पाच गिऱ्हाइकांसाठी त्यात पडू नका. बटण दाबलं की मजकूर भरलेलं व्हॉट्सॲप उघडतं, तशी साधी फुकटची लिंक देता येते. पीडीएफ तुम्ही स्वतःच जेवणानंतर पाठवा. त्या निमित्ताने रोज मालकाशी दोन शब्द होतील, त्यातून जे कळेल ते कुठल्या डॅशबोर्डवर कळणार नाही.

‘बंद पडलं तर’ हे मी उगाच म्हणत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. बँकेचा संदेश आला होता, मी वाचला नाही. माझा सर्व्हर परदेशी कंपनीकडे, पैसे दर महिन्याला कार्डावरून जायचे, ते जाईनात. आठवण देणाऱ्या मेल जुन्या पत्त्यावर पडत राहिल्या. पुढच्या महिन्यात सर्व्हर बंद झाला तेव्हा मी बेळगावात, पुतण्याच्या लग्नात पंगतीला बसलेली. जिलबी वाढत होते. फोनवर सत्तावीस मिस्ड कॉल, सगळे क्लासवाले, फी भरायची शेवटची तारीख. हात धुऊन कार्यालयाच्या मागच्या जिन्यात बसले, जाऊबाईंचं कार्ड मागून पैसे भरले, तरी सगळं सुरळीत व्हायला संध्याकाळ झाली. वरात मी पाहिलीच नाही. एकट्याने धंदा करण्याची ही बाजू तुमचे मित्र सांगणार नाहीत. तुमची गिऱ्हाइकं तर नेमकी लग्नाच्या दिवशीच फोन करणार, आणि त्या दिवशी तुम्हालाही कुठेतरी अक्षता टाकायला जायचं असणार. म्हणून बॅकअप नुसता घेऊ नका, महिन्यातून एकदा रिकाम्या सर्व्हरवर उतरवून बघा. आणि पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता, कुणाला फोन करायचा, हे एका कागदावर लिहून बायकोकडे द्या.

पैशांचं. एकरकमी विकू नका. मी सुरुवातीच्या अकरा क्लासेसना सहा हजारांत ‘आजन्म’ लायसन्स दिलं होतं. आजन्म म्हणजे नक्की कुणाचा जन्म, हे लिहून घ्यायचं राहिलं. सातव्या वर्षीही एक सर रविवारी सकाळी फोन करायचे, प्रिंटर चालत नाही म्हणून. प्रिंटरशी माझा काही संबंध नव्हता. वर्षाचे पैसे घ्या, सराई सुरू व्हायच्या आधी घ्या. नऊ हजार म्हणा. ज्याला एका तारखेचं भाडंच कितीतरी पट मिळतं, त्याला हे जड नाही, आणि जड आहे असं तो म्हणाला तर ती घासाघीस समजा, नकार समजू नका. फुकट मागणाऱ्याला हजार रुपये तरी द्यायला लावा. पैसे दिलेला माणूस वापरतो, फुकट घेतलेला विसरतो. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घ्यायची सोय, जोडण्यात एक आठवडाही घालवू नका. युपीआय ऑटोपेमध्ये १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला पुढे दर वेळी पिन लागत नाही, पण ‘आपोआप कापले जातील’ हे शब्द ऐकले की आपला माणूस फोन ठेवतो. क्यूआर कोड दाखवा, नाहीतर चेक घ्या, पावती द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. तूर्त स्वतःच्या नावावर प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, पुरते. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइट वेगळ्या. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जाईपर्यंत सेवेला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि नऊ हजारांच्या हिशेबाने ती वेळ यायला सव्वादोनशेच्या आसपास कार्यालयं लागतील. तो दिवस आला तर पेढे पाठवा. ‘स्टार्टअप इंडिया’ची मान्यता प्रोप्रायटरशिपला मिळत नाही, कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी असं काहीतरी लागतं, पण आज त्याची गरज काय? सीएकडे एक तास बसून हे सगळं तुमच्या पगाराच्या हिशेबासह तपासून घ्या.

यापेक्षा महत्त्वाचा कागद तुमच्या कपाटात आहे: नोकरीचं नेमणूकपत्र. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरी देणाऱ्याची असते. तुम्ही रात्री घरी केलेलं काम त्यात सहसा येणार नाही. पण बऱ्याच नेमणूकपत्रांत याहून रुंद कलम घुसवलेलं असतं, ‘नोकरीच्या काळात केलेलं सगळं’ अशा थाटाचं, शिवाय जोडधंद्याला लेखी परवानगीची अट. ते वाचा, वकिलाला दाखवा. आणि खरं सांगा, चौदा महिन्यांतला किती कोड कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिलाय? एक ओळही असेल तर आजपासून थांबा, स्वतःचा जुना का होईना लॅपटॉप घ्या. पाच लाखांतला पहिला खर्च तोच.

आता नोकरी का सोडू नये ते. पाच लाख भागिले पंचेचाळीस हजार, अकरा महिने. त्यात लेकीचं एखादं आजारपण धरलं की दहा. सराई कार्तिकापासून पुढच्या आषाढापर्यंत. म्हणजे तुम्ही दिवाळीला सोडलीत तर हातात एकच सराई येते, तीही तुम्हाला वही कळायच्या आधी सुरू होणारी. ती हुकली की पुढची बघायला पैसे नाहीत. नोकरी चालू ठेवून शनिवार-रविवार फिरलात तर दोन सराया मिळतात. आणि माझ्या लेखी कसोटी दुसऱ्या सराईची आहे. पहिल्या वर्षी माणूस ओळखीवर, भिडेखातर, केटररच्या शब्दावर पैसे देतो. दुसऱ्या वर्षी तेच पैसे न मागता, किंवा एकदाच मागून, दिले तर ते सॉफ्टवेअरचे. पंचवीस कार्यालयं झाली आणि त्यांतल्या जुन्यांनी दुसऱ्या वर्षाचे भरले, की मला पुन्हा लिहा. पंचवीस गुणिले नऊ हजार हे तुमच्या वर्षाच्या घरखर्चाच्या निम्मंही नाही, हे मला दिसतंय. तरीही तेव्हा मी वेगळं बोलेन, कारण तेव्हा बायको पुन्हा पगारावर असेल आणि तुम्हाला एका कार्यालयामागे किती फेऱ्या पडतात हे माहीत असेल. मला सुरुवातीला दहा क्लासेसमागे एक मिळायचा. शेवटी शेवटी तिनामागे एक, कारण कुठे जायचंच नाही हे कळलं होतं.

येत्या रविवारी त्या फुकट मागणाऱ्या मालकाकडे जा. लॅपटॉप नेऊ नका. वही बघू दिली तर कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या पानांवर पेन्सिलीच्या नोंदी किती आणि पेनाच्या किती, तेवढं मोजा, आणि आकडा मला कळवा.

– ताई